खरूज ऐकणारा कंपाउंडर

दवाखान्यातल्या कंपाउंडरकाकांना खाज ऐकू येत असे.

दिसायची गोष्ट निराळी. पोर बाकावर बसून कोपर उगाळायला लागलं की रस्त्याने जाणाऱ्यालाही कळतं, याला खाज सुटलीय. काकांना बघायची गरजच नव्हती. हिरव्या पडद्याआड, औषधांच्या कपाटाकडे तोंड आणि पेशंटांकडे पाठ करून ते उभे असत, आणि पलीकडे बाकावर कोणी नख चालवलं की नुसत्या आवाजावरून रोग सांगत. खर्र खर्र, मध्ये दम खाऊन पुन्हा खर्र, असं आलं की इसब, आणि तोही गुडघ्यामागचा. गोल गोल फिरणारा आवाज म्हणजे गजकर्ण. बोटांच्या टोकांनी थापट्या मारल्यासारखं आलं की घामोळं. पोर एकदम दोन्ही हातांनी आणि एका पायाने वाजायला लागलं की अंगावर पित्त उठलंय. आणि खस खस खस असं बारीक, चिवट, कंटाळा न येणारं काही ऐकू आलं, की काका कपाटातून क्रीमची ट्यूब काढून ठेवत. खरूज.

अशी सोळा वर्षं गेली होती. आधीचे मोठे डॉक्टर होते त्यांची नजर अधू होती आणि खुर्ची फार आरामाची होती. ते बसल्या जागेवरून हाक मारत, "काय हो, काय आहे?" पडद्याआडून उत्तर जाई, "खरूज. बोटांच्या बेचक्यांत. पंधरा दिवस झालेत, आई आठ सांगेल." मोठे डॉक्टर तसं लिहून टाकत. या पद्धतीने दवाखाना इतका झपाट्याने चाले, की काही पोरं बाकावर टेकण्याआधीच बरी होऊन घरी गेली, असं म्हणतात.

शाळा बुडवायला म्हणून एक मुलगा दिवसभर पाठ खाजवत बसला होता. काका पडद्याआडूनच म्हणाले, "याला शाळेत पाठवा. याच्या नखांत मन नाही." एकदा गोदामाच्या चौकीदाराने फोन केला, तान्हं बाळ रडतंय, काय करू. काका म्हणाले, "फोन बाळाजवळ धर. वर नको, खाली. अजून खाली. हं. लंगोटाखालचं पुरळ आहे. ओला लंगोट ठेवू नकोस, दिवसातून दोनदा मोकळं सोड, जाड मलमाचा थर दे." तीन दिवसांत बाळ हसायला लागलं. आणि एकदा तर पडद्यापलीकडे बाकाखालून आवाज आला म्हणून त्यांनी मलम लिहून दिलं, ते निघालं मांजर. मांजर बरं झालं. हे सिस्टर शपथेवर सांगे, आणि सिस्टर उगाच कशाचीही शपथ घेणारी बाई नव्हती.

मग मोठे डॉक्टर निवृत्त झाले, खुर्ची सोबत घेऊन गेले, आणि नवी डॉक्टरबाई आली. ती दिसायला इतकी लहान, की पहिल्याच सकाळी एका आजोबांनी तिला विचारलं, "बाळ, डॉक्टर कधी येणार?"

"आलेत," ती म्हणाली. "शर्ट काढा."

"दाखवायचंय नातवाला."

"मग त्याचा काढा. पूर्ण. मोजेपण."

हे दवाखान्याला नवीन होतं. सोळा वर्षांत तिथे कोणाचे मोजे निघाले नव्हते. डॉक्टरबाईने बाक उचलून खिडकीपाशी नेला. हिरवा पडदा सरकवून गाठ मारून ठेवला. काकांच्या पाठीवर एकदम उजेड पडला. त्यांना उघडं पडल्यासारखं झालं.

"बाई, पडदा असतो इथे," ते म्हणाले.

"उजेड लागतो काका. अंधारात सगळ्या पुळ्या सारख्याच."

तिच्या खिशात एक भिंग होतं, एक छोटी बॅटरी होती, आणि तोंडात तीन प्रश्न होते. कधीपासून? घरात अजून कोणाला खाजतंय? पोर कोणाजवळ झोपतं? हे तीन प्रश्न ती प्रत्येक आईला विचारी, मग पोराला डोक्यापासून तळव्यांपर्यंत बघे, दोन बोटांच्या मधे, कानांमागे, मांड्यांच्या घड्यांत. आणि मगच बोले. एका पोराला तिला इतका वेळ लागे, की तेवढ्यात मोठ्या डॉक्टरांनी एक वर्ग आटोपला असता.

काकांनी मनाशी सामना लावला. पाठमोरे राहूनच ते आधी पुटपुटत, आणि मग ती काय म्हणते ते ऐकत. पहिलं पोर, काका म्हणाले इसब. बाईपण म्हणाली इसब. दुसरं गजकर्ण, बरोबर. तिसरं बेकरीवाल्याचं पोर, काका म्हणाले, "आवाज चिकट येतोय, पिकलंय." बाई म्हणाली, "नाकाखाली मधासारखी खपली आहे. हे एकाचं दुसऱ्याला लागतं. कोमट पाण्याने खपली भिजवून काढा, मग हे मलम, आणि याचा टॉवेल वेगळा." चौथं घामोळं. चारात चार. काकांनी सिस्टरकडे असं बघितलं, की सिस्टरला टाळी द्यावीशी वाटली.

पाचवी गॅरेजवाल्याची मुलगी. ती आली, बसली, आणि काहीच वाजलं नाही.

काकांनी कान दिला. काही नाही. "हिला काही झालेलं नाही," ते मोठ्याने म्हणाले.

मुलीची आई रडायला लागली. पोरीच्या दोन्ही गालांवर फिकट पांढरे डाग होते, आणि घरात कोणीतरी कोड हा शब्द उच्चारला होता. बाईने मुलीला खिडकीत उभं केलं, भिंग लावलं. "कोड असतं तर चुन्यासारखं पांढरंफटक असतं, कड ठसठशीत असते. हे फिकट आहे, कडा विरलेल्या, वर बारीक कोंडा. कातडी कोरडी आहे एवढंच. अंघोळ झाली की अंग ओलसर आहे तोवर साधं मलम चोळायचं, आणि रोज. रंग परत यायला चार महिने लागतील, तोपर्यंत घरातल्यांना सांगा, डॉक्टरने तोंड बंद ठेवायला सांगितलंय."

आई हसली आणि डोळे पुसत गेली. काका कपाटाकडे तोंड करून उभे राहिले. जे खाजत नाही ते आपल्याला ऐकूच येत नाही, हे त्यांना त्या दिवशी कळलं, आणि अजिबात आवडलं नाही.

त्याच आठवड्यात बाईला पांढरी बरणी सापडली. ती काकांची खास होती. कोणत्याही खाजेवर त्यातलं बोटभर मलम लावलं की खाज संध्याकाळपर्यंत बसे.

"यात काय आहे?" बाईने विचारलं.

"सगळं आहे," काका अभिमानाने म्हणाले.

"तेच वाईट आहे. यातलं एक औषध खाज दाबतं. गजकर्णाला लावलं की वरून शांत होतं आणि खालून पसरतं. खरजेला लावलं की ओळखूच येत नाही. रोग जात नाही काका, नुसता गप्प बसतो."

कानावर पोट असलेल्या माणसाला याहून लागेल असं बोलता येत नाही. बरणी केराच्या डब्यात गेली. काकांनी त्यातलं एका डबीत भरून घरी नेलं. आठवण म्हणून.

घरी काकांची दुसरी नोकरी होती, आणि खरं तर तीच पहिली. नात दीड वर्षाची होती. समोर येईल त्याच्या नाकावर टिचकी मारायची, म्हणून तिला टिचकीच म्हणत. ही पोर दुपारी कोणाजवळ झोपत नसे. आईने झोके देऊन पाहिले, आजीने अंगाई म्हणून पाहिली. अंगाईने आजी झोपली. पण दवाखान्याला दुपारची सुट्टी झाली, काका घरी येऊन बनियन काढून पलंगावर उताणे झाले, की टिचकी त्यांच्या छातीवर चढे, एक गाल त्यांच्या उघड्या बरगड्यांवर टेके, दोनदा जांभई देई आणि दोनपासून चारपर्यंत दगडासारखी पडे. दोन तास काका हलत नसत. पलंगाला पाठ लावून छताकडे बघत ते पडून राहत, आणि त्या दोन तासांसाठी उरलेले बावीस तास सोसायला त्यांची तयारी असे. टिचकीच्या बापाला, म्हणजे काकांच्या चिरंजीवांना, याचा थोडा हेवा वाटे. पण तो दुपारी कामावर असल्यामुळे त्याला तो वाटायला वेळ मिळत नसे.

टिचकीला खाज सुटली तेव्हा काकांनी ऐकलं आणि सांगितलं, "घामोळं."

"तळहाताला घामोळं होतं का हो बाबा?" सूनबाईने विचारलं.

"होतं. तिच्या हाताला घाम येतो."

"आणि तळपायाला?"

"पायालाही येतो. आपल्या घराण्यात येतो."

त्यांनी डबीतलं मलम लावलं. संध्याकाळपर्यंत खाज बसली. काकांनी घरात एक फेरी मारली. चार दिवसांनी खाज उठली, दुप्पट. पुन्हा मलम, पुन्हा शांत, पुन्हा दुप्पट. टिचकीच्या मनगटांवर, पोटावर, काखेत, तळव्यांवर बारीक पुळ्या. रात्री पोर झोपेना, चिडचिड करी, आणि तिच्या जागरणामुळे आई-बापांचे डोळे तांबारले.

"आवाज घामोळ्याचाच आहे," काका म्हणत राहिले. खरं सांगायचं तर त्यांना तो नीट लागत नव्हता. सूनबाई पोरीची नखं इतकी बारीक कापे, की खाजवण्यात सूरच उरला नव्हता.

तिसऱ्या आठवड्यात सूनबाईने ताटावरून उठता उठता सांगून टाकलं. "सोमवारी मी हिला घेऊन माहेरी जाते. तिथे लहान मुलांचे डॉक्टर आहेत."

"इथे मी आहे," काका म्हणाले.

"म्हणून तर जाते."

"किती दिवस?"

"बरी होईपर्यंत. मग बघू. शाळेत घालायचं वयही येईल तोवर."

काकांचा घास हातातच राहिला. टिचकी दीड वर्षाची होती. शाळा साडेतीनाव्या वर्षी. त्यांनी हिशेब केला, तो दुपारींचा होता, आणि सातशेच्या वर गेला.

"उद्या दवाखान्यात आण," ते म्हणाले. हे वाक्य त्यांनी आयुष्यात हजारदा उच्चारलं होतं, पण स्वतःच्या घरात पहिल्यांदाच.

डॉक्टरबाईने टिचकीला खिडकीत घेतलं. टिचकीने तिच्या नाकावर टिचकी मारली. बाईने नाक चोळलं, पोरीचा तळवा उलटा केला, भिंग धरलं, आणि सगळे कपडे काढायला लावून काख, पोट, तळपाय बघितले.

"खरूज. काहीतरी दाबणारं मलम लावलं होतं का? त्यामुळे पुळ्यांचा चेहरा बदललाय."

"हो," सूनबाई म्हणाली.

"कोणी दिलं?"

सिस्टर खिडकीबाहेर बघू लागली. बाईनेही आणखी विचारलं नाही. "घरात माणसं किती?"

"पाच," काका म्हणाले. "हिच्यासकट."

"मग पाच ट्यूबा. तुम्हाला काय सांगायचं काका, तुम्हीच सांगता सगळ्यांना."

खरंच सांगत. त्या संध्याकाळी काकांनी घरच्यांना रांगेत उभं केलं आणि दवाखान्यातलं भाषण जसंच्या तसं म्हटलं. "मानेपासून तळपायापर्यंत. बोटांच्या बेचक्या, नखांखाली, बेंबी, काखा, सगळ्या घड्या. लहान मुलाला डोक्यालाही, डोळे-तोंड सोडून. सकाळपर्यंत ठेवायचं, हात धुतले तर हाताला पुन्हा लावायचं. सकाळी अंघोळ. कपडे, चादरी, उशांचे अभ्रे गरम पाण्यातून काढायचे. धुता येत नाही ते पिशवीत बांधून आठवडाभर विसरायचं. आठ दिवसांनी पुन्हा सगळं हेच. आणि घरातली सगळी माणसं, एकाच दिवशी. एक जण राहिला तर सगळं पाण्यात."

"कळलं," चिरंजीव म्हणाले. "बेंबीचं दोनदा सांगितलंत."

"एकदाच सांगितलं."

"डोळे वटारून सांगितलंत, ते दोनदासारखं झालं."

झालं होतं असं, की त्याच दिवशी दवाखाना बंद करायच्या वेळी शिंपी धापा टाकत आला होता. त्याच्या घरात सहा माणसं म्हणून त्याने सहा ट्यूबा नेल्या होत्या, आणि दुपारी मेव्हणा राहायला आला होता. कपाटात एकही ट्यूब उरली नव्हती, बाई निघून गेली होती. काकांनी खिशातली, स्वतःच्या नावाची ट्यूब काढून त्याला दिली. एक जण राहिला तर सगळं पाण्यात, हे शिंप्याला त्यांनीच सांगितलं होतं. शिंप्याचा मेव्हणा राहता कामा नये. आता आपण राहतो, हे त्यांच्या लक्षात आलं नाही असं नाही. पण आपण घरातलं माणूस थोडेच, आपण दवाखान्यातलं माणूस. सोळा वर्षं रोज खरजेत उभे आहोत, व्हायची असती तर केव्हाच झाली असती. आणि झाली असती तर ऐकू नसती का आली?

"अहो, लावलं ना?" काकूंनी विचारलं.

"लावतोय की. मला का शिकवतेस?" आणि त्यांनी हाताला लावायचं साधं मलम अंगाला फासलं, चमक दिसावी म्हणून.

पहिले चार दिवस टिचकी झोपली. घरात शांतता आली. दुपारी दोन ते चार छातीवरचं काम पूर्ववत चालू झालं. आठव्या दिवशी सगळ्यांनी पुन्हा क्रीम लावली, काकांनी पुन्हा साधं मलम. बाराव्या दिवशी टिचकीच्या तळव्यांवर नव्या पुळ्या आल्या. चौदाव्या दिवशी सूनबाई दवाखान्यात आली ती बॅग घेऊनच. एका हातात बॅग, दुसऱ्या हातावर टिचकी.

"दीडची बस आहे," ती डॉक्टरबाईला म्हणाली. "तुमचं शेवटचं ऐकून जाते. खाज राहिलेली असेल असं बाबा म्हणतात."

"खाज तीन-चार आठवडे राहू शकते, मेलेल्या किड्यांचीही राहते," बाई म्हणाली, आणि भिंग लावलं. "पण ही खाज राहिलेली नाही. ह्या पुळ्या नव्या आहेत. कुठून तरी परत आलीय. सगळ्यांनी लावलं?"

"लावलं."

"दोन्ही वेळा?"

"दोन्ही वेळा. माझ्या नवऱ्याने तर एवढं लावलं, की पलंगावरून घसरला."

"एकाच दिवशी?"

"एकाच दिवशी."

बाई गप्प बसली. बाकावरच्या दोन आया गप्प बसल्या. सिस्टरने इंजेक्शनचा ट्रे खाली ठेवला. टिचकीसुद्धा, कोणास ठाऊक का, गप्प बसली. आणि त्या शांततेत कपाटाकडून आवाज आला.

खस खस खस. बारीक. चिवट. कंटाळा न येणारा.

बाईने डोळे मिटले आणि मान थोडी तिरकी केली. "काका," ती म्हणाली, "कोण खाजवतंय?"

काकांनी कान दिला. "कोणी नाही बाई. अगदी शांत आहे."

"नीट ऐका."

काकांनी नीट ऐकलं. खस खस खस. "काहीच नाही," ते म्हणाले. त्यांचं उजवं मनगट कपाटाच्या कडेवर वरखाली होत होतं, आणि सगळा दवाखाना त्याच्याकडे बघत होता. काकांनी लोकांची नजर धरून खाली बघितलं. तिथे त्यांना आपला हात सापडला.

घरातल्या घड्याळाची टिकटिक जशी घरच्यांना ऐकू येत नाही, तसं झालं होतं. महिनोन् महिने स्वतःची खाज ऐकत राहिल्यामुळे काका तिलाच शांतता समजत होते.

"मला खाजत नाही," ते म्हणाले, आणि दुसरं मनगट खाजवलं.

बाईने त्यांना खिडकीत बोलावलं. टेबलावरचं शिक्क्याचं पॅड उघडलं, निळी शाई बोटावर घेतली आणि त्यांच्या मनगटावर चोळली. मग स्पिरिटच्या कापसाने पुसून काढली. सगळी शाई गेली, पण एक रेघ राहिली. नखाएवढी, वाकडीतिकडी, नकाशातल्या ओढ्यासारखी. तिच्या टोकाला एक ठिपका.

"हे त्याचं बीळ," बाई म्हणाली. "शाई आत शिरली, म्हणून पुसली गेली नाही. तो टोकाला बसलाय." तिने भिंग त्यांच्या हातात दिलं.

सोळा वर्षांत काकांनी खरूज पहिल्यांदाच पाहिली.

"टिचकी कोणाजवळ झोपते?" बाईने विचारलं.

"रात्री माझ्याजवळ," सूनबाई म्हणाली. मग थांबली. मग सावकाश म्हणाली, "दुपारी दोन ते चार, यांच्या छातीवर. उघड्या."

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही लावलं होतं ना?"

खोटं बोलायला दोन क्षण मिळतात. काकांनी ते दोन्ही वापरून पाहिले, काही जमेना. "माझी ट्यूब शिंप्याच्या मेव्हण्याला दिली," ते म्हणाले.

"शिंप्याच्या मेव्हण्याला!"

"त्याच्या घरी एक जण लावायचा राहून जात होता."

"आणि दुसऱ्या वेळी?"

"दुसऱ्या वेळी..." काका म्हणाले. "दुसऱ्या वेळी मला वाटलं, पहिल्या वेळी लावलं नाही तरी काही झालं नाही."

बाकावरची एक आई फस्सकन हसली आणि तिने पोराच्या टोपीत तोंड लपवलं. बाई हसली नाही. "दिलीत ते बरोबर केलंत. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे मागितली असतीत तर मी दिली असती. आता आधी तुम्ही. सिस्टर, तुमचेही हात बघू." सिस्टरने हात पदरामागे नेले. "मला काही झालेलं नाही," ती म्हणाली, आणि ते ऐकून काकांना सोळा वर्षांत पहिल्यांदा तिचा राग आला. तिचे हात स्वच्छ निघाले, हा भाग वेगळा.

दीडची बस गेली. सूनबाईने बॅग बाकाखाली सरकवली, पण उघडली नाही.

"आज सगळे पुन्हा लावा, पाचही," बाई म्हणाली. "उद्या सकाळी अंघोळ झाली की काकांनी पोरीला घ्यायला हरकत नाही."

"माझी आहे," सूनबाई म्हणाली. "आठ दिवसांनी दुसऱ्यांदा लावतील. माझ्यासमोर. मग बघेन. तोपर्यंत यांनी हिला बोट लावायचं नाही. नवं काही उठलं तर मी बॅग उघडणारच नाही, सरळ उचलणार."

संध्याकाळी काकूंनी काकांना पालथं झोपवलं आणि पाठीला क्रीम चोळली. त्या इतक्या जोरात चोळत होत्या, की पलंग भिंतीपर्यंत सरकला.

"जगाला सांगता," त्या म्हणाल्या. "बेंबी, बेंबी, बेंबी."

"एकदाच सांगितलं होतं."

"पालथे राहा."

तो आठवडा काकांनी कसा काढला हे सांगण्यासारखं नाही, कारण त्यात काहीच झालं नाही. रोज दुपारी ते घरी येत, शर्ट अंगातच ठेवत, खुर्चीत बसत आणि दोन्ही हात मांडीवर ठेवत. समोर पलंगावर सूनबाई टिचकीला थोपटे. टिचकी उठून बसे, पलंगाच्या कडेवरून काकांकडे दोन्ही हात करी. काका हात मांडीवर दाबून धरत आणि छताकडे बघत. मग टिचकी रडे. चार वाजेपर्यंत कोणीच झोपत नसे, फक्त काकूंना डुलकी लागे.

दवाखान्यात ते आता पाठ करून उभे राहत नसत. बाईच्या शेजारी खिडकीत उभे राहत आणि बघत. गॅरेजवाल्याची मुलगी आली, तेव्हा तिच्या गालाचा रंग कुठवर भरत आलाय हे त्यांनी बोट न लावता दाखवलं. एका शाळकरी पोराच्या पोटावर मोत्यासारखे बारीक, मध्ये खळगी असलेले दाणे होते. ते काकांनी आयुष्यात पाहिले नव्हते, कारण ते वाजत नाहीत. "आपोआप जातात," बाई म्हणाली. "वर्ष लागेल. फोडू नका." काकांनी मान डोलावली आणि घरी जाऊन सूनबाईला हे सगळं सांगितलं. ती "बरं" म्हणाली.

आठव्या दिवशी दुसऱ्यांदा क्रीम. सूनबाईसमोर. चिरंजीवांनी घड्याळ लावलं, काकूंनी पाठ चोळली. नवव्या दिवशी सकाळी अंघोळ. दुपारी काका घरी आले, खुर्चीत बसले, हात मांडीवर ठेवले.

"इकडे या," सूनबाई म्हणाली. ती खिडकीत उभी होती.

काका गेले. तिने त्यांचे हात हातात घेतले. आधी उजवा. अंगठा आणि पहिल्या बोटाची बेचकी ताणून बघितली. मग दुसरी, तिसरी, चौथी. नखं बघितली. मनगट उजेडात फिरवलं. जुन्या रेघेच्या जागी सुकलेला डाग होता, त्यावरून तिने बोट फिरवलं. मग डावा हात, पुन्हा पहिल्या बेचकीपासून. डॉक्टरबाईला लागला नसता एवढा वेळ तिला लागला. काकांनी श्वास धरला होता, तो मध्येच संपला, म्हणून त्यांनी गुपचूप दुसरा घेतला.

"हिच्या तळव्यांवर पाच दिवसांत नवं काही नाही," सूनबाई म्हणाली.

"नाही," काका म्हणाले. "मी लांबून बघत होतो."

"बनियन काढा."

ते उताणे झाले. तिने टिचकीला त्यांच्या छातीवर ठेवलं. टिचकीने त्यांच्या नाकावर टिचकी मारली, गाल बरगड्यांवर टेकला, दोनदा जांभई दिली आणि झोपली.

पाच मिनिटांनी काकांच्या डाव्या बरगडीखाली खाज उठली. नेमकी पोरीच्या गुडघ्याखाली. मेलेल्या किड्यांची खाज, तीन-चार आठवडे राहणारी, ते त्यांना माहीत होतं. ती सरकत सरकत काखेत गेली, तिथून खांद्यावर, आणि खांद्यावर जाऊन तिने बैठक मारली. काकांचं बोट आपोआप उचललं गेलं. त्यांनी ते परत चादरीवर ठेवलं.

भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती.